आईचे दात अजून व्हायचेत

८ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच घातलाय. पोचला असं समज. इकडे सर्व ठीक. आई ठीक, मी ठीक, तिसऱ्या मजल्याचा जिना होता तेवढाच उंच आहे.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कारणे दाखवा नोटीसच. मुख्याध्यापिका शाळेतून निवृत्त होते, शाळा तिच्यातून होत नाही हेच खरं. "आईचे दात झाले का? एका शब्दात कळव." ताई, एका शब्दात सांगता आलं असतं तर मी तुझा फोन उचलला नसता का? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात निदान पूर्णविराम माझ्या हातात असतो.

आणि आई फोनवर येत नाही याचा राग माझ्यावर काढू नकोस. जिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली, जिच्या नुसत्या 'हॅलो'वर पलीकडचा माणूस सावरून बसायचा, ती असल्या बोळक्या तोंडाने फोनवर कशी येईल? माझ्याशी बोलते, तेही तोंडावर हात धरून. जिन्यात शेजारीण भेटली की नुसती मान हलवते. शेजारणीला वाटतंय आमचं मायलेकांचं काहीतरी भांडण झालं. कशावरून झालं असेल हे ती मला आडून आडून विचारत असते.

तर दात. एका शब्दात: होतायत.

तुला वाटतं, कवळी म्हणजे साच्यात ओतली, काढली, लावली. डॉक्टरांनी दात उपटायचे, तोंडाचं माप घ्यायचं, आणि पुढचं सगळं आमच्यासारख्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत बसून करायचं. मापावरून प्लास्टरचा जबडा. त्यावर मेणात एकेक दात रोवायचा. तोंडात घालून बघायचं. पसंत पडलं की मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक. आईची कवळी मेणात आहे. रंग ठरत नाहीये. अगदी पांढरे घातले तर आई जाहिरातीतली दिसेल, पिवळट घातले तर म्हणतील मुलगा दातांचं काम करतो आणि आईला जुना माल घातला. खिडकीशी एक रंग बरा वाटतो, ट्यूबलाइटखाली दुसरा. आई जास्त वेळ कुठे बसते, खिडकीशी की ट्यूबलाइटखाली, याचं मी निरीक्षण करतोय.

शिवाय तो दात. आठवतोय ना? वरच्या पुढच्या दातांतला एक शेजारच्याच्या किंचित अंगावर चढलेला होता, बसमध्ये बाकावर जागा नसताना कुणी रेटून बसावं तसा. तो उजवीकडचा की डावीकडचा? जुने फोटो काढून पाहिले. सगळ्या फोटोंत आई तोंड मिटून उभी. आणि मुळात तो तिरपा ठेवायचा की सरळ करायचा? तिरपा ठेवला तर लोक म्हणतील याला धड दात लावता येत नाहीत. सरळ केला तर ती आई दिसेल का? कळव.

माझी काळजी नको, मी सुधारतोय. फोनवर एक वर्ग लावलाय, 'विचार कमी, काम जास्त'. शिकवणारा एक दाढीवाला पोरगा आहे, त्याला स्वतःला विचार करावा लागेल असं आयुष्यात अजून काही घडलेलं दिसत नाही. पहाटे उठा. थंड पाणी. सगळ्यात अवघड काम सगळ्यात आधी. टायमर लावा, तो वाजेपर्यंत मान वर करू नका. आणि काळज्या दिवसभर पसरू द्यायच्या नाहीत, त्यांना एक ठरावीक वेळ द्यायची. मी दुपारी चारची दिलीय. ताई, बाकी एकही वेळ माझ्याच्याने पाळली गेलेली नाही, पण चारला मी न चुकता हजर असतो. कधी कधी तीनलाच जाऊन बसतो.

सगळ्यात अवघड काम आधी, म्हणून रोज सकाळी आईचे दात हातात घेतो. त्यामुळे बाकीच्या लोकांचे दात राहतात. परवा डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्याकडूनच माझं निम्मं काम येतं, म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

"अहो, माझ्या एका पेशंटचे पुढचे दोन दात तुमच्याकडे आहेत. त्याची बँकेत मुलाखत आहे. त्याने काय तोंड न उघडता नोकरी मिळवायची?"

"मेणात आहेत, मॅडम."

"तुमच्याकडे सगळं मेणातच असतं. मेणबत्त्यांचा धंदा का काढत नाही?"

असो.

तू खोली रंगवून घेतलीस म्हणून लिहिलंयस. छान केलंस. आई कायमची तुझ्याकडे यायची हे ठरलंय, दात झाले की निघायचं हेही ठरलंय, आणि इतकी वर्षं माझ्याकडे होती तेव्हा आता तुझी पाळी हे मी स्वतः कबूल केलंय. त्यात काही बदल नाही. अडलंय ते फक्त दातांपाशी.

टायमर वाजला. थांबतो.

तुझा, कामात असलेला,
घोळू


२९ मार्च

ताई,

नमस्कार. मायना कमी केलाय, रागावू नकोस. वर्गात सांगितलंय, अनावश्यक गोष्टी छाटा. छाटायला सुरुवात कुठून करावी यात एक सकाळ गेली, शेवटी साष्टांगपासून केली.

तुझं उत्तर वाचलं. "डावा. तिरपाच ठेव. डोकं बाजूला ठेव." माझ्या चार पानांना ही तीन वाक्यं! माणसाने डोक्याने इतकंही मोकळं असू नये.

आता एक सांगतो, ओरडू नकोस. मागचं पत्र लिहिलं तेव्हा कवळी मेणात नव्हती. पक्की होऊन पाण्याच्या वाटीत बसली होती. रंगही ठरलेला होता. तुला मेण म्हणालो, कारण मेणात असलेल्या गोष्टीला कुणी तारीख विचारत नाही. म्हणजे तू विचारतेसच, पण बाकी कुणी विचारत नाही.

दात मी सरळ लावले होते. तिरप्याचं मग मनात आलं. एकदा आल्यावर जाईना. तुझं पत्र मिळताच पक्क्या कवळीतला तो एक दात कापून काढला आणि डावीकडे तिरपा बसवला. आईने तोंडात घातली, जीभ फिरवली आणि म्हणाली, "हा उजवीकडे होता."

आता आली का पंचाईत! तू म्हणतेस डावा, दात जिच्या तोंडात होता ती म्हणते उजवा. मी दोघींच्या स्मरणशक्तीची तुलना करत बसलो. तुझं वय, आईचं वय, तुझा हट्टी स्वभाव, आईचाही तोच. एक दिवस यात गेला, दुसरा गेला, आणि एका दुपारी चार वाजता, काळजीच्या वेळेत, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तू आईला समोरून बघायचीस! तुझं डावं ते तिचं उजवं. ताई, मी रोज लोकांचे जबडे समोरून बघतो. माझं पोटच त्यावर चालतं. एवढं सोपं मला कळू नये? आईला सांगितलं तर ती हसली. तोंडावर हात न धरता हसली. एवढ्यासाठी म्हटलं तर दोन दिवस वाया गेले नाहीत.

दात उजवीकडे घेतला. मग वाटलं, झालं. तर आई म्हणाली, "डावीकडे टोचतंय."

नव्या कवळीत टोचतंच. जिथे टोचतं तिथे आतून घासायचं. घासलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता उजवीकडे." घासलं. मग मागे. मग परत डावीकडे, पण जरा वर. आता आमचा रिवाजच झालाय. संध्याकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. मी स्टूल ओढतो, तिची हनुवटी हातात धरतो, "आ कर" म्हणतो. लहानपणी आपण औषध थुंकू नये म्हणून ती आपली धरायची, तश्शी. ती छताकडे बघत एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगते, म्हणजे मी बोटं काढतो तेवढ्या वेळात सांगते. कोण कुणाला रोज फोन लावायचं आणि एक अक्षर न बोलता ठेवून द्यायचं, कोणत्या साहेबाची बायको कोणत्या साहेबाला. सारखं मधेच तोडावं लागतं. टायमर लावायचं लक्षात राहत नाही.

बाकी वेळ मात्र हातपाय एका जागी ठरत नाहीत. उठतो, बसतो. एक काम हातात घेतो, त्यात दुसऱ्याची आठवण होते, दुसरं घेतो, तोवर पहिल्याचं प्लास्टर आळून जातं. परवा एका गृहस्थाची खालची कवळी घासता घासता मधेच थांबलो आणि दाराला कडी लावलीय का बघून आलो. दुपारची वेळ, आणि कडी लावायची नव्हतीच. दाढीवाला म्हणतो, विचार ढगांसारखे येतात, जाऊ द्या. याच्याकडचे जात असतील. माझ्याकडे येतात ते चपला काढून येतात.

तू विचारलंयस, तिकीट काढू का. काढू नकोस एवढ्यात. म्हणजे काढ, पण तारीख बदलता येईल असं काढ. म्हणजे असं कर, थांबच.

तू म्हणशील, टोचतंय की नाही हे नक्की कसं कळतं, नुसतं ती म्हणते म्हणून घासतोस का? नाही. त्याला एक पांढरी पेस्ट असते. कवळीच्या आतून ती लावायची आणि

पेस्टचं नंतर लिहितो. कुणीतरी दारात आलंय.

घोळू


१७ एप्रिल

ताई,

पेस्टचं लिहितो.

मागच्या वेळी दारात कुणी आलेलं नव्हतं.

ती पेस्ट कवळीला आतून पातळ फासायची, कवळी तोंडात बसवायची, दाबायची, काढायची. जिथे टोचत असेल तिथली पेस्ट पुसली जाते आणि खालचं गुलाबी दिसतं. तेवढंच घासायचं. यात विचार करण्यासारखं काही नाही. शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात येतं.

आई पहिल्यांदा "डावीकडे टोचतंय" म्हणाली तेव्हा मी पेस्ट लावून बघितली होती. सगळीकडे पांढरी. कुठे ठिपका नाही. कवळी अशी बसली होती की माझ्या हातून इतकी चांगली आजवर झाली नसेल. मी पेस्ट धुतली आणि म्हणालो, "हो, टोचतंय खरं." आणि घासायला घेतलं.

रोज पांढरी यायची आणि रोज मी घासायचो. आधी आपलं नावापुरतं, हलक्या हाताने. पण हाताला एकदा काम लागलं की तो थोडाच नाटक करतो! थोडं डावीकडून गेलं, थोडं उजवीकडून. चांगली बसलेली वस्तू मी घासून घासून सैल केली, आणि त्याला मनातल्या मनात बारीक काम असं नाव दिलं.

गेल्या आठवड्यात आई मला न सांगता कवळी घालून खाली बाजारात गेली. किती दिवसांनी! कणीसवालीपाशी थांबली आणि चांगल्या, एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाली, "दोन कोवळी द्या." तेवढ्यात वरची कवळी सुटली आणि कणसांच्या ढिगावर पडली.

हे तिने मला सांगितलं नाही. शेजारीण पाठोपाठ जिना चढून सांगायला आली. तिला आमच्या भांडणाचं कारण एकदाचं सापडलं होतं. आई आत आली आणि रुमालात गुंडाळलेली कवळी माझ्या कामाच्या टेबलावर ठेवली. बँकेवाल्याच्या दोन दातांशेजारी.

मी ताबडतोब बोलायला लागलो. प्लास्टिक आटलं असेल, हवा कोरडी आहे, हिरड्या बसल्या असतील, खरं तर नवीन माप घ्यायला पाहिजे, पण नवीन माप घ्यायचं तर हिरड्यांना जरा विश्रांती, म्हणजे साधारण...

"घोळू," आई म्हणाली, "गप बस."

बसलो.

"ती पांढरी पेस्ट कधी पुसली गेली होती का?"

"तुला काय माहीत पेस्टचं?"

"माझ्याच तोंडात घालतोस ना? काढल्यावर तूही बघत होतास, मीही बघत होते."

"मग तू टोचतंय का म्हणत होतीस?"

"तू का घासत होतास?"

मी कवळीवरचा रुमाल काढला, त्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

मी विचारलं, "तुला ताईकडे जायचं नाहीये का?"

"माझं सोड. मला तिथेही खिडकी आहे, इथेही आहे. ती बोलावते तेव्हा जावंसं वाटतं, तू असा बसलेला दिसलास की पाय निघत नाही. तू 'जा' म्हणाला असतास तर मी गेले असते. 'राहा' म्हणाला असतास तर राहिले असते. तू नुसता घासत राहिलास. म्हटलं, घासून घासून तरी काही बाहेर येतंय का बघावं."

"असं पटकन कसं सांगता येईल? ताईने खोली रंगवलीय, तिचाही हक्क आहे, इथे तिसरा मजला, तुझे गुडघे, पुढे मला काही झालं तर..."

तिने हात वर केला. "आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर दिवा लागायचा. लागला की पिन खुपसायची. कोण बोलतंय, कशाला बोलतंय, पुढे काय होईल याचा विचार करत बसले असते तर सगळं गाव लाईनवर ताटकळलं असतं."

"आणि चुकीच्या ठिकाणी जोडलं तर?"

"तर शिव्या खायच्या आणि परत जोडायचं. मी काय कमी शिव्या खाल्ल्यात? दिवा लागलाय घोळू. बोल."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार आहे हे मला माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो. दाढीवाल्याच्या सगळ्या धड्यांत हे कुठे नव्हतं.

"राहा," म्हणालो.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाली, "बरं." आणि जराशाने, "ताईला तू सांगायचं. हा फोन मी जोडून देणार नाही."

दुसऱ्या दिवशी जुनी कवळी बाजूला टाकली आणि नवी करायला घेतली. प्लास्टरचा जबडा फळीवर होताच. दातांचा रंग हाताला पहिला लागला तो घेतला. तो चढलेला दात उजवीकडे, म्हणजे तुझ्या डावीकडे, तिरपा लावला आणि परत त्याच्याकडे बघितलं नाही. बघावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. हात खिशात घातले. पॉलिश करत होतो तेव्हा चार वाजून गेले. काळजीच्या वेळेला मी पहिल्यांदाच गैरहजर. मी बरा झालो असं मात्र समजू नकोस. हे पत्र मी चारदा सुरू केलंय, आणि आतासुद्धा मधे दोनदा उठून गॅस बघून आलोय. पण उठलो तरी परत येऊन बसलो, एवढं कर माझ्या बाजूने जमा.

आतून पेस्ट लावून कवळी आईच्या तोंडात बसवली, काढली. डाव्या बाजूला एक ठिपका खरंच पुसला गेला होता. खरंच टोचत होतं. मी विचारलं, "टोचतंय?" आई म्हणाली, "अजिबात नाही." मी म्हणालो, "खोटं बोलतेस." मग एकदाच घासलं.

बँकेवाल्याचे दातही त्याच दिवशी पाठवून दिले. त्याची मुलाखत केव्हाच होऊन गेली होती. तो आपला तोंड मिटून बसला, साहेबांना गंभीर माणूस वाटला आणि नोकरी मिळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेणबत्त्या बंद झाल्या वाटतं?" आणि आणखी तीन कामं पाठवली.

तर ताई, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो आणि तीन पानं ज्याच्या भोवती फिरलो, ते आता लिहितो. आई तुझ्याकडे राहायला येत नाही. पाहुणी म्हणून येईल, महिना-दोन महिने राहील, तिचं तिकीट तेवढ्यासाठी काढ. पण घर तिचं इथेच. हे तिने ठरवलं असं लिहून मला सुटता आलं असतं. तिने नाही ठरवलं. मी 'राहा' म्हणालो. तुझी पाळी होती, मला माहीत होतं, तरी म्हणालो.

तुझ्या खोलीचा रंग मी कधी विचारला नाही. तो कळला असता तर ती खोली खरी झाली असती. आता विचारतो. आईलाही ऐकायचाय.

रविवारी सकाळी तुझा फोन वाजेल. लगेच उचल. ती 'हॅलो' म्हणेल, सावरून बस. आधी तिच्याशी बोलून घे. मग फोन माझ्याकडे माग आणि मला जे बोलायचंय ते बोल. तू वाक्य पुरं करेपर्यंत मी मधे एक शब्द बोलणार नाही.

दाराबाहेर शेजारणीशी आईचं काहीतरी चाललंय. मोठ्या आवाजात. बहुतेक भांडण. इतक्या दिवसांनी बरं वाटलं ऐकायला.

तुझा, आईला ठेवून घेतलेला,
घोळू